शनिवारच्या उशा

२४ जुलै, सोमवार

एव्हरिल म्हणते, "घरी येऊन माझं डोकं खाऊ नकोस, वहीत लिही." बायकोचा हुकूम, म्हणून लिहितोय.

आजपासून मी पुस्तकवाला. उभा जन्म खिळे, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्या विकण्यात गेला. ते हार्डवेअरचं दुकान बंद झालं तेव्हा वाटलं होतं, आता वाळूत खुर्ची टाकायची, गळ टाकायचा आणि म्हातारं व्हायचं. पण जॉसनं, म्हणजे एव्हरिलच्या धाकट्या बहिणीनं, गाठलंच. आमच्या गावाच्या, ओपोटिकीच्या, मुख्य रस्त्यावर तिचं पुस्तकांचं दुकान आहे. मागच्या खोलीत मुलांचा विभाग. तो सांभाळणारी पोरगी बाळंतपणाला म्हणून ऑकलंडला गेली ती तिकडचीच झाली.

"सप्टेंबरात शाळेचं सत्र संपतं, तोवर बघ," जॉस म्हणाली. "जम बसला तर ठीक. नाही तर खोली भाड्यानं देते. मुलांची पुस्तकं गल्ल्याजवळच्या दोन फळ्यांवर मावतील."

"आणि मी?"

"तू मासे पकड."

पहिल्या दिवशी सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. बारीक खाली, मोठी वर, स्क्रूच्या खोक्यांसारखी. इतकी छान दिसत होती! दुपारी एक कार्टं आलं, कमरेवर हात ठेवून उभं राहिलं आणि म्हणालं, "भुतं कुठे घालवलीस?" संध्याकाळपर्यंत सगळी परत विस्कटली.

२७ जुलै, गुरुवार

पोरं पुस्तक कसं निवडतात याचा काही केल्या पत्ता लागत नाही. आज कोपऱ्यात शिडीवर बसून नुसतं बघितलं. पाठीकडून लावलेल्या पुस्तकाला एकही पोरगं हात लावत नाही, मुखपृष्ठ समोर दिसलं की झडप. एकीनं तीन पुस्तकांचा वास घेतला आणि त्यातलं एक घेतलं. एकानं पुस्तक शेवटून उघडलं, कुत्रा जिवंत आहे ना ते बघितलं, मग आईला म्हणाला, "चालेल." पन्नाशीची माणसं बिजागरी घेताना एवढा विचार करत नाहीत.

मला हे आवडायला लागलंय की काय? जॉसला सांगायचं नाही.

२९ जुलै, शनिवार

आज पहिला गोष्टीचा तास. शनिवारी सकाळी मागच्या खोलीत मोठ्यानं वाचायचं, फुकट. जॉस म्हणते, पोरं गोष्टीला येतात आणि आया पुस्तकं घेऊन जातात, हा विभाग जगतो तो यावर.

मी एक लांबलचक पुस्तक निवडलं. एका पोरीचा बोकड मालाच्या बोटीत चढून पळतो आणि ती त्याला शोधत बंदरं पालथी घालते. बोकडाचं नाव कर्नल. मला वाटलं होतं चारदोन पोरं येतील. आली नॅनी हुइया, तिच्यामागे तिची नातवंडं, त्यांच्यामागे चुलत नातवंडं, आणि त्यांना बघून उरलेलं गाव. नॅनी हुइया म्हणजे अर्धी ओपोटिकी जिला आजी म्हणते आणि उरलेली अर्धी जिला वचकून असते ती. ती जिथे जाते तिथे इथल्या मूळच्या, माओरी घरांतली सगळी पोरं जातात.

मी बोकडाचा आवाज काढला. पोरं किंचाळली. नॅनीची नात वाइराका, आठ वर्षांची, पुढच्याच रांगेत. दर दोन ओळींना प्रश्न. "बोकडाला तिकीट नव्हतं तर त्याला उतरवला का नाही?" तिचा धाकटा भाऊ तुई माझ्या बुटाच्या नाड्या सोडत होता.

मध्येच एक प्रवासी जोडपं आत शिरलं आणि त्या बाप्यानं आपल्या पोराला बिस्किटांच्या टेबलावर बसवलं. मी वाचन थांबवलं. "साहेब, टेबलावर खाणं ठेवतात, बूड नाही. आमच्याकडची रीत आहे." बिचारा ओशाळला, पोराला उचललं. नॅनी हुइयानं माझ्याकडे बघून मान हलवली. आता मी काही माओरी नाही, पण चाळिसेक वर्षं या गावात काढलीत. एवढं कळतं.

५ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा खोली गच्च. पण आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, फरशी बर्फासारखी. तुई एका बुडावरून दुसऱ्या बुडावर होत होता. मागे एक आई सारखी पोराखाली कोट सरकवत होती. काहीतरी करायला हवं.

९ ऑगस्ट, बुधवार

केलं! समुद्राकडच्या रस्त्यावरचं मोटेल बंद होतंय, त्यांनी सामान विकायला काढलंय. गाडीभर उशा मिळाल्या. जाड, गुबगुबीत, पांढरे अभ्रे अगदी कोरे. प्रत्येक पोराला एक. आता कुणाचं बूड गारठणार नाही.

एव्हरिलनं बघितल्या आणि म्हणाली, "पलंगावरच्या उशा?" मी म्हटलं, "पलंगावरच्या नाहीत, मोटेलच्या." तिला खरेदीतलं काही कळत नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली.

उशा अर्धगोलात मांडून मी दारात उभा. पोरं आली आणि उंबऱ्यावरच थबकली. गावच्या डॉक्टरांची जुळी पोरं धावत जाऊन बसली, उड्या मारल्या. बाकीची मात्र भिंतीला चिकटून उभी. तुई एका उशीवर जाऊन बसला तर वाइराकानं त्याला काखेत धरून असा उचलला, की त्यानं भोकाड पसरलं. मग तिनं ती उशी झटकली आणि फळीवर नीट ठेवली.

"बस की ग," मी म्हणालो.

"नको. उभी बरी आहे."

नॅनी हुइया खोलीभर नजर फिरवत म्हणाली, "किती पांढऱ्या आहेत रे. कुठे मिळाल्या?"

"मोटेलच्या! लोकांनी फार झोपून वापरलेल्याही नाहीत."

"झोपून," ती म्हणाली. मग म्हणाली, "आम्हाला जरा घाई आहे आज." आणि सगळी वरात परत फिरली. कर्नल पहिल्या बंदरात उतरायच्या आतच.

घाई कसली असेल? शनिवारी सकाळी?

१९ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरांची जुळी आणि एक तान्हं. बस्स. तान्हं झोपलं होतं.

जॉस गल्ल्यावरून म्हणाली, "काय रे, कुणाला चावलास काय?"

२१ ऑगस्ट, सोमवार

हार्डवेअरमध्ये एक नियम होता. पंप चालत नसेल तर एकदम सगळा उघडायचा नाही. एकेक भाग बदलून बघायचा. तेच करणार.

संशयित: एक, माझा बोकडाचा आवाज. कदाचित भीती वाटत असेल. दोन, हीटरचा वास. तीन, बिस्किटं, जॉसची असल्यामुळे. चार, खुद्द बोकड. उशा मी यात धरलेल्याच नाहीत. त्या खोलीत तेवढीच एक गोष्ट निर्विवाद चांगली आहे.

२६ ऑगस्ट, शनिवार

बोकडाला साध्या आवाजात वाचलं. काही फरक नाही. जुळ्यांपैकी एक म्हणाला, "आज तो आजारी आहे का?"

पण एक शोध लागला. वाचताना बाजूच्या खिडकीशी एक डोकं दिसलं. वाइराका! बाहेर बोळात, विटांवर चढून, काचेला कान लावून. मी हातानं आत बोलावलं तर डोकं गायब. दोन ओळी वाचल्या, परत हजर. मग मी काही न दाखवता उठलो, खिडकी बोटभर उघडली आणि जरा मोठ्यानं वाचायला लागलो. जुळ्यांनी कानांवर हात ठेवले.

३० ऑगस्ट, बुधवार

चिप्सच्या दुकानासमोर वाइराका सापडली, गरम पुडकं छातीशी धरून.

"कर्नल दुसऱ्या बंदरात सापडला का?" तिनंच आधी विचारलं.

"शनिवारी आत ये, सांगतो."

"आत नाही येता येत."

"का ग? मी काही केलं का?"

ती चिप्सकडे बघत राहिली. "नॅन म्हणते, ज्याच्या घरी जातो त्याला असलं सांगायचं नसतं. त्याला लाज वाटते."

"कसलं सांगायचं नसतं?"

"तेच सांगायचं नसतं ना!" ती वैतागून म्हणाली आणि पळाली.

घरी येईपर्यंत विचार केला. मला कशाची लाज वाटेल? माझ्या अंगाला वास येतो का? एव्हरिलला विचारलं. ती म्हणाली, "येतो, पण तो तर आधीपासून येतोय."

२ सप्टेंबर, शनिवार

अंघोळ दोनदा. हीटर नवा. बिस्किटं बेकरीतली. आली कोण? जुळी.

आणि हे तर मुळीच कळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी उशा जमिनीवर मांडून ठेवतो. सकाळी बघतो तर सगळ्या वरच्या फळीवर, एकावर एक, अभ्रे नीट सरळ केलेले. जॉस म्हणाली, "काल बंद करताना वाइराका येऊन गेली. मी म्हटलं असेल तुझंच काही काम." किती टापटिपीची पोर! पण आवरतेस तर बसत का नाहीस, बाई?

५ सप्टेंबर, मंगळवार

जॉसनं सांगून टाकलं. शोना नावाची कोणी बाई आहे, पाठ-मानेचे व्यायाम करून घेते. तिला जागा हवीय. सत्र संपतंय त्या शनिवारी, तेवीस तारखेला, ती मापं घ्यायला येणार.

"मी तुला दोष देत नाही, नेव्हिल. माणसं येत नाहीत तर नाहीत."

मी म्हटलं, ठीक. मग मागे जाऊन पुस्तकं लावत बसलो. ठीक कुठलं? मला ती खोली हवी आहे. पुस्तक शेवटून उघडून कुत्र्याची चौकशी करणारा तो पोरगा हवा आहे. मला वाइराका आत हवी आहे. या वयात एखादी गोष्ट नव्यानं आवडावी आणि ती दोन महिन्यांत काढून घ्यावी, याचा राग येतो मला. लिहिलं. बरं वाटलं नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार

सुचलं! पोरांना आपलेपणा वाटत नाही, म्हणून येत नाहीत. मोटेलची उशी कुणाचीच नसते. प्रत्येकाला स्वतःची दिली तर?

एव्हरिलला गळ घातली. ती अभ्र्यांवर निळ्या दोऱ्यानं नावं भरतेय. वाइराका, तुई, त्यांची भावंडं, झाडून सगळी. तिनं एकदाच विचारलं, "पोरांना विचारलंस का?" मी म्हटलं, विचारलं तर गंमत काय राहिली?

वाइराकाचं नाव सगळ्यात सुंदर उतरलंय. तिनं एकदा सांगितलं होतं, तिला ते पणजीवरून ठेवलंय.

१६ सप्टेंबर, शनिवार

जमलं! निदान जमायला लागलंय.

उशा नावं वर करून मांडल्या. पोरं नव्हतीच, पण बेकरीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की खोलीत मोठा बदल केलाय, येऊन बघा. म्हणून नॅनी हुइया आली. एकटी. चांगला कोट घालून आली होती आणि येताना हसत होती.

दारातून आत बघितलं. उशांवरचं एकेक नाव वाचत गेली.

"कसं वाटतं?" मी विचारलं. "ही बघा, वाइराकाची. पुढे अगदी मधोमध. आता तिनं हक्कानं बसायचं."

ती खाली वाकली. गुडघे दुखतात तिचे, तरी मला उचलू दिली नाही. वाइराकाची उशी दोन्ही हातांनी उचलली, नावावरून हात फिरवला आणि छातीशी धरली. डोळ्यांत पाणी. खरंच. 

"ही मी घेऊन जाते," ती म्हणाली.

"न्या की! तिचीच आहे."

"हो," ती म्हणाली. "तिचीच आहे." आणि गेली.

एव्हरिलला सांगितलं, तुझं भरतकाम बघून बाई रडली. एव्हरिलनं सुई ठेवून दिली.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आठवडाभर वाट बघितली. कोणी फिरकलं नाही. खिडकीतही नाही. एवढी उशी आवडली, मग?

परवा शोना टेप घेऊन येणार. उद्या मी बाकीच्या उशा गाडीत टाकून नॅनीच्या घरी नेतो. बाकीची भावंडं रुसली असतील, एकीलाच मिळाली म्हणून. पोरांचं असं असतं. बघता बघता मलाही कळायला लागलंय.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

काय लिहू? 

नॅनीचं घर नदीच्या बाजूला. दारात बूट काढले. काखेत दोन दोन उशा. तिनं दार उघडलं, उशा बघितल्या आणि डोळे मिटून घेतले.

"आणखी आणल्यास?"

"बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून."

"आत ये. पण उशा आधी इकडे दे." तिनं एकेक उशी माझ्याकडून घेतली आणि उंच कपाटावर ठेवली. मग मला मागच्या खोलीत नेलं.

खिडकीशी पलंग. पलंगावर एवढीशी म्हातारी, पांढरे केस विंचरून बाजूला घेतलेले. तिचं डोकं माझ्या मोटेलच्या उशीवर. कानाशी निळी अक्षरं.

"ही माझी आई," नॅनी म्हणाली.

"यांचं नाव काय?"

"वाच की. तूच लिहवून घेतलंयस."

मी वाचलं. वाइराका. मला वाचता येत होतं, कळत नव्हतं. मग कळायला लागलं, आणि एकदम सगळंच कळलं. भिंतीला चिकटलेली पोरं, रडणारा तुई, फळीवरच्या उशा, चिप्सचं पुडकं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"उशी डोक्याची असते, नेव्हिल," नॅनी म्हणाली. आवाज चढवला नाही. "आणि माणसात डोकं सगळ्यात पवित्र. जिथे डोकं टेकतं तिथे बूड टेकवत नाहीत. आमच्यात तान्ह्या पोरालाही बसू देत नाहीत. आणि त्यावर तू नावं घातलीस. माझ्या आईचं नाव घातलंस, आणि म्हणालास, आता हक्कानं बस."

"मला माहीत नव्हतं हो! देवाशपथ. कुणीतरी सांगायचं ना!"

"काय सांगायचं?" आता मात्र तिचा आवाज हलला. "त्या बाहेरच्या माणसाला तू टेबलावरून उठवलंस. माझ्यादेखत. मी घरी येऊन आईला सांगितलं, याला आपलं सगळं ठाऊक आहे. मग तू उशा आणल्यास. मला वाटलं, ठाऊक असून आणतोय. अर्धं ठाऊक असेल असं कुणाच्या मनात आलं असतं?"

 मी टेबलाचं ज्ञान मिरवलं नसतं, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी हसून सांगितलं असतं. मी रडलो. नॅनीनं मला रडू दिलं.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "हा कोण ग?"

"नेव्हिल, आई. पुस्तकांच्या दुकानातला."

म्हातारीनं एक डोळा उघडला. "पोरांना माझ्यावर बसवणारा?"

नॅनी हुइया आधी तोंडावर हात धरून थांबली. मग तिला हसू आवरेना, भिंत धरून हसायला लागली. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

"आणि बोकडाचं पुढे काय?" म्हातारी म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. खिडकीत उभी राहून ऐकलेलं सगळं वाइराका घरी येऊन पणजीला सांगत होती. शब्दाला शब्द. फक्त बोळापलीकडून लाकडाचे ट्रक जातात, तेव्हा पोरीला ऐकू येत नाही. तिसऱ्या बंदरात काय झालं, ते अख्खं ट्रकनं खाल्लं होतं. आणि गेल्या शनिवारी नॅनीनं तिला खिडकीशी जायलाही बंदी केली, तेव्हापासून म्हातारी नॅनीशी धड बोलत नाहीये.

मी पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि तिसरं बंदर आठवेल तसं सांगितलं. बोकडाच्या आवाजासकट. तुई दारातून डोकावून गेला. निघताना नॅनीनं तळलेला गरम पाव हातात दिला, वर पाक. मी म्हटलं, उद्या खोलीचा शेवटचा दिवस. ती म्हणाली, "खा आधी."

एव्हरिलला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी चुकतंय. पण नेमकं काय ते सांगता येईना." मग म्हणाली, "तू कुठे ऐकतोस." हेही खरं.

२३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी लवकर जाऊन फरशीवर जुन्या घोंगड्या अंथरल्या. उशा एकही नाही. घोंगडीवर बसायला चालतं ना, हे आधी नॅनीला फोन करून विचारून घेतलं. ती म्हणाली, "चालतं. आता श्वास घ्यायलाही मला विचारशील काय?"

आधी शोना आली. टेप, पेन्सिल, सगळं घेऊन. जॉस तिला खोली दाखवत होती, भिंत किती, खिडकी किती. मी पुस्तक मांडीवर धरून बसलो होतो. घोंगडीवर जुळी.

मग दारात गलका. तुई आधी, मग वाइराका, मग भावंडं, चुलत, मावस, शेजारपाजारची, उन्हाळ्यात समुद्रावर दिसतात तेवढी. मागून दोन मोठे नातू चाकाची खुर्ची उचलून पायरी चढले. खुर्चीत थोरली वाइराका. अंगावर घोंगडी, डोक्यामागे तिची उशी. दुकानातली माणसं आपोआप बाजूला झाली. मीही उठून उभा राहिलो.

सुरुवात करण्याआधी मी म्हटलं, "मुलांनो, मी तुम्हाला उशांवर बसायला सांगितलं. चुकलं माझं."

 कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी खोली हशात फुटली. तुई घोंगडीवर गडाबडा लोळला. जुळ्यांनी विचारलं, "का? का चुकलं?" तर दहा पोरांनी एकदम त्यांना सांगितलं, दोन मिनिटांत, जे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

शोनाचा टेप पोरांवरून न्यावा लागला असता. ती तशीच उभी. "मापं कशी घेऊ?" तिनं जॉसला हळूच विचारलं.

"आज राहू दे," जॉस म्हणाली.

"मग कधी येऊ?"

जॉसनं खोलीभर बघितलं. "राहूच दे, शोना. तुला दुसरी जागा शोधून देते मी." शोनानं टेप खिशात टाकला. पण गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी वाचलं. आजचं प्रकरण संपलं, कर्नल पुन्हा हातचा निसटला, पोरं ओरडली. मी पुस्तक मिटत म्हणालो, "आता पुढच्या शनिवारी."

"पोरा," थोरली वाइराका म्हणाली. "माझ्या वयात पुढचा शनिवार कुणाला सांगतोस? वाच."

मी नॅनीकडे बघितलं. तिनं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. मग मी जॉसकडे बघितलं. तिनं जाऊन दारावरची पाटी 'बंद' करून उलटी लावली, भरदिवसा, शनिवारी.

वाचत गेलो. बंदरामागून बंदर. बाहेरून ट्रक गेला की थांबायचो, कुणाचं काही बुडू नये म्हणून. लहानगी आयांच्या मांडीवर झोपली, मोठी जागी. बिस्किटं संपली तरी कुणी उठलं नाही. शेवटचं प्रकरण आलं तोवर घसा पार बसला. बोकडाच्या आवाजात बोकड बोलेना, मीच बोलेना. मग मी पुस्तक धाकट्या वाइराकाच्या हातात दिलं.

ती पणजीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि तिच्या कानाशी वाचायला लागली. एवढे दिवस अडून राहिलेली गोष्ट, पोरगी सुसाट निघाली, एका दमात दोन दोन वाक्यं. शेवटचं पान उलटलं तेव्हा म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"हळू ग," ती म्हणाली. "संपतंय ना ते."

मग ती हळू वाचायला लागली.